खारबेटाच्या सन्माननीय सदस्या

मारीगाल नावाचा देश नकाशात शोधायला जाऊ नका. नकाशे छापणाऱ्यांना तो ठिपका म्हणजे माशीची करणी वाटते आणि दर आवृत्तीत ते तो नखाने खरवडून काढतात. देश एवढासा, की झोपेत कूस बदलली तर पाय समुद्रात जायचे. राष्ट्रगीत चार ओळींचं, कारण पाचवी ओळ म्हणेपर्यंत आवाज सरहद्दीबाहेर जाई. पण देश म्हटला की संसद हवीच. ती भरायची साखरेच्या जुन्या गोदामात. पणजोबा कोकणातून ऊस तोडायला तिकडे गेले, त्यांनी त्या गोदामात पोती वाहिली. पणतवंडं त्याच गोदामात टाय लावून भांडायला बसली. भिंतींत साखर मुरलेली, त्यामुळे मुंग्या फार. एकदा मुंग्यांनी अख्खं अंदाजपत्रक उचलून नेलं. आठवड्याने परत मिळालं तेव्हा तूट निम्म्याने कमी झालेली होती, असं सांगतात. खरंखोटं मुंग्यांनाच ठाऊक.

या सभागृहाचे उणीपुरी वीस वर्षं अध्यक्ष होते नागेश गुणाजी. आता ते जर्मनीत बॉबलिंगेनला असतात, मुलीकडे. मुलगी ऊर्मिला तिकडेच शिकली आणि तिकडेच राहिली. जावई कपिल पुण्याचा, गाड्यांचे ब्रेक बनवणारा इंजिनीयर. सासू-सासऱ्यांना इकडे आणायचं म्हणून ऊर्मिलाने आउसलेंडरबेहोर्डे म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत इतक्या खेपा घातल्या, की शेवटी तिथल्या बाईच दिवाळी कधी आहे म्हणून विचारू लागल्या.

नागेशरावांना जर्मनी पहिल्या दिवसापासून पटली. रविवारी रिकाम्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, दुपारी भिंतीत भोक पाडायचं नाही, चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला उभं राहायचं. "हा देश नव्हे, हे कामकाज आहे," ते कौतुकाने म्हणत. घरात त्यांची गादी आपोआप चालू झाली. टीव्हीवरून कपिलचं आणि नात ओवीचं वाजलं की ती जर्मनमध्ये गाऱ्हाणं मांडी, आजोबा मराठीत निर्णय देत, आणि कपिल दोन्ही भाषांत हरे.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आजी. प्रभाताई.

"अध्यक्ष महोदय," स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्या म्हणायच्या, "आमटी गार होत आहे, या तातडीच्या बाबीकडे मी आपलं लक्ष वेधू इच्छिते."

पाहुणे असले तर हसून मुरकुंडी वळायची. तिथल्या मराठी मंडळाच्या नीताताई तर डोळे पुसत म्हणत, "काय गोड जोडपं आहे हो! ऊर्मिला, तू नशीबवान. आमच्याकडे नुसतं 'ऐकलंत का' आणि त्यांनी न ऐकणं."

सगळे हसायचे. हसत नसत ते दोघंच. प्रभाताई वाटीत आमटी वाढत आणि नागेशराव ती खाली मान घालून खात. कारण त्या घरात प्रभाताई सोडल्या तर एकट्या नागेशरावांना माहीत होतं, की ही गंमत नाही. ही शिक्षा आहे, आणि दहा वर्षं होऊन गेली तरी ती संपलेली नाही. पूर्वी प्रभाताई त्यांना चारचौघींसारखं 'अहो' म्हणत. खिडकीतून, न्हाणीघरातून, झोपेतून म्हणत. एका दिवसानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून गेला तो गेलाच. आता नागेशरावांचं वय झालं होतं, गुडघे बोलू लागले होते, आणि मनात दुसरी काही इच्छा म्हणून उरली नव्हती. एकदा 'अहो' ऐकायचं. दूध उतू गेलं म्हणून का होईना.

तो दिवस असा होता.

मारीगालच्या सभागृहात दोन रिती होत्या, साहेबाने मागे ठेवलेल्या. पहिली ही, की नव्या अध्यक्षाने "नको, नको" म्हणायचं आणि दोन सदस्यांनी त्याला दंडाला धरून खुर्चीकडे ओढत न्यायचं. कुण्या काळी विलायतेत राजे लोक अध्यक्षांची मुंडकी उडवत, तेव्हापासून ही भीती चालत आलेली. बाकीचे अध्यक्ष लटके आढेवेढे घेत. नागेशरावांनी मात्र दाराची मूठ अशी काही धरली, की खुर्चीत बसले तेव्हा ती हातातच होती, आणि त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत ते दार लागलंच नाही. डावा दंड पंतप्रधानांनी ओढला होता. उजवा ओढला होता विरोधी बाकावरच्या खारबेटाच्या सदस्येने, म्हणजे प्रभाताईंनी. "चला हो, बसा एकदा," त्या कानात म्हणाल्या होत्या, "किती तो नखरा."

दुसरी रीत नावाची. सभागृहात कुणी कुणाचं नाव उच्चारायचं नाही. सदस्याला त्याच्या मतदारसंघावरून हाक मारायची. नाव फक्त अध्यक्षाने उच्चारायचं, तेही तेव्हाच, जेव्हा सदस्य काही केल्या ऐकत नाही. ते उच्चारलं की त्या सदस्याने उठायचं, खुर्चीला मान लववायची आणि बाहेर जायचं.

आता घरची गंमत बघा. गुणाजींचं घर जुन्या वळणाचं. तिथे नवरा-बायको एकमेकांना नावाने हाक मारत नसत. लग्नात नागेशरावांनी उखाणा घेतला होता खरा, पण नेमकं नावाच्या वेळी बंदरात बोटीने असा भोंगा दिला, की मांडवातले नारळ गळून पडले आणि नाव कुणालाच ऐकू आलं नाही. नवरीलाही नाही. पुढे संसार 'अगं'वर चालला आणि सभागृह 'खारबेटाच्या सन्माननीय सदस्या'वर. दोन्हीकडे नावाची गरज पडली नाही.

खारबेट म्हणजे देशाच्याही पलीकडचा एक तुकडा. मिठागरं, थोडी घरं, आणि मुख्य बेटावर यायला एक म्हातारी बोट. प्रभाताईंचं माहेर तिथलं. वडील मीठ पिकवायचे. सरकारने बोट बंद करायची ठरवली. प्रभाताई बोलायला उभ्या राहिल्या. बोलल्या, फार चांगलं बोलल्या. वेळ संपल्याची घंटा झाली. नागेशराव म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं."

"अध्यक्ष महोदय, अर्धं मिनिट. एकच वाक्य राहिलंय."

"सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं."

"एकच वाक्य, अध्यक्ष महोदय."

समोरच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. कुणी म्हणालं, "घरचं प्रकरण आहे, चालू द्या." ते शब्द नागेशरावांच्या कानात गरम तेलासारखे गेले. ते उठले, झगा सावरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा खणखणीत, भोंगा-बिंगा आड न येता, म्हणाले, "सौ. प्रभा गुणाजी."

मुंग्यासुद्धा जागच्या जागी थांबल्या.

प्रभाताईंनी पर्स उचलली. खुर्चीला मान लववली. दारापाशी थबकून त्यांनी एकदा मागे पाहिलं. सभागृह चालू असताना अध्यक्षाला खुर्ची सोडता येत नाही. नागेशराव बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी देशभर जयजयकार. काय निःपक्ष माणूस, सख्ख्या बायकोला सोडलं नाही! पुढच्या खेपेला ते बिनविरोध निवडून आले. एका फोटोग्राफरने तो क्षण टिपला होता, वर खुर्चीत ते आणि खाली दारात पाठमोऱ्या प्रभाताई. तो फोटो नागेशरावांनी चौकट करून दिवाणखान्यात लावला. स्वतःच्या हाताने, खिळा ठोकून. प्रभाताई रोज सकाळी तो फडक्याने पुसत. "अध्यक्ष महोदय, आपला फोटो पुसला आहे," एवढं सांगत. जर्मनीला यायचं ठरलं तेव्हा नागेशरावांनी तो उतरवला. भिंतीवर पांढरा चौकोन उरला. ते रोज त्या चौकोनासमोर बसून चहा प्यायले आणि तेव्हा कुठे त्यांना कळलं, की आपण वर्षानुवर्षं काय टांगून ठेवलं होतं.

बोट बंद झाली. खारबेट हळूहळू रिकामं झालं. प्रभाताईंचे वडील सगळ्यात शेवटी निघाले आणि मुख्य बेटावर भाड्याच्या खोलीत, मिठागर दिसत नाही म्हणून खिडकीकडे पाठ करून बसून बसूनच वारले. मतदारच उरले नाहीत, म्हणून मतदारसंघही गेला. आणि ते अर्ध्या मिनिटाचं वाक्य काय होतं, हे नागेशरावांनी कधी विचारलं नाही. आधी ताठ्यामुळे, मग लाजेमुळे. मग इतका उशीर झाला, की विचारायला तोंडच उरलं नाही.

यंदा त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मंडळाची संक्रांत आणि हा सोहळा एकाच रविवारी करायचा, असं नीताताईंनी ठरवलं. बॉबलिंगेनच्या एका सभागृहात दुपारी हळदीकुंकू, तिळगूळ, जेवण. आणि शेवटी आजी-आजोबांचा उखाणा. "आणि बरं का आजोबा," त्या फोनवर म्हणाल्या, "सहाला हॉलचा हाउसमाइस्टर कुलूप लावायला येतो. लाजण्यात वेळ घालवायचा नाही."

नागेशरावांना वाटलं, हीच संधी. नाव एकदा चुकीच्या जागी उच्चारलं. आता बरोबर जागी, गोडीत, सगळ्यांदेखत उच्चारू. म्हणजे पहिलं पुसलं जाईल. मग कदाचित.

ते रोज तळ्यावर जाऊन सराव करू लागले. उखाणा स्वतःच रचला होता:

"बॉबलिंगेनच्या तळ्यात बदकांची जोडी,
प्रभाच्या हातच्या तिळगुळाला अवीट गोडी."

पण वीस वर्षांची सवय घशात बसलेली. 'प्रभा' म्हणताना आवाज असा काही चढायचा, की तळ्यातलं एक बदक पाण्याबाहेर आलं, मान लववली, आणि चालत रस्ता ओलांडून गेलं. लाल दिव्याला थांबलं मात्र. जर्मन बदक ते.

रविवार आला. हॉल भरला होता. हायडेलबर्गहून शिकणारी पोरं आली होती, लुडविग्सहाफेनहून केमिस्ट मंडळी आली होती. नीताताईंनी तुर्की लग्नसामानाच्या दुकानातून दोन सोनेरी सिंहासनं भाड्याने आणली होती, सिंहाच्या पंजाचे हात असलेली. एकावर नागेशराव, एकावर प्रभाताई. प्रभाताईंनी तिळगूळ पुढे केला. "अध्यक्ष महोदय, घ्यावा." हॉलभर हशा.

"आता उखाणा!" नीताताईंनी माईक पुढे केला. "आजोबा, आल्झो, लोस! करा सुरू! नाव ऐकल्याशिवाय जिलबी नाही!"

नागेशराव उभे राहिले. हॉलमध्ये गलका, पोरं खुर्च्यांखालून पळतायत, मागे कुणी सेल्फी काढतंय. त्यांचा हात आपोआप वर गेला. "ऑर्डर!" ते म्हणाले. सगळे खदखदून हसले आणि मग एकदम चिडीचूप झाले. ती शांतता त्यांच्या ओळखीची होती. फार ओळखीची. समोर माना वळलेल्या, शेजारी प्रभाताई त्यांच्याकडे बघतायत. तोंडात बदकं होती, तळं होतं, सगळं होतं. ते सगळं कुठे गेलं कोण जाणे. झग्याची कड शोधत त्यांचा हात कोटाशी गेला, आणि माईकमधून आवाज आला, सरळ, कोरडा:

"सौ. प्रभा गुणाजी."

पुढची ओळ आलीच नाही.

प्रभाताई उठल्या. पर्स घेतली, टेबलावरचा तिळगुळाचा डबा घेतला. सिंहासनाकडे वळून त्यांनी मान लववली आणि मधल्या वाटेने चालत निघाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या वाजल्या. "झुपर! काय टायमिंग आहे आजींचं!" नीताताई ओरडल्या.

ऊर्मिला तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती वडिलांजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ही गंमत नाहीये ना?"

नागेशरावांच्या मुठीत सिंहाचे पंजे होते. दार उघडलं, थंडीचा झोत आत आला. दारापाशी प्रभाताई थबकल्या आणि त्यांनी मागे पाहिलं.

"कपिलराव," नागेशराव म्हणाले, "इथे बसा."

"मी? अहो पण बाबा, मी काय—"

"बसा म्हणतो ना. सभागृह चालू आहे. खुर्ची रिकामी राहता कामा नये."

कपिल प्लेट हातात धरून सिंहासनावर बसला. नागेशराव कोट न घालता, टोपी न घेता, गुडघ्यांना शिव्या घालत निघाले.

प्रभाताई बसथांब्यावर उभ्या होत्या. शाल डोक्यावरून घेतलेली, डबा छातीशी धरलेला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या मोकळ्या रस्त्याकडे.

"अध्यक्ष महोदय, सभागृह सोडून आलात? मग तिथे कोण?"

"उपाध्यक्ष बसवलेत."

"कोण?"

"जावई. जिलबी खातायत."

प्रभाताईंच्या ओठाचा कोपरा हलला, पण तेवढाच. "कोट कुठाय?"

"राहिला."

"आजारी पडाल. मग ऊर्मिलाच्या जिवाला घोर." त्यांनी शाल आवळून घेतली. "पाठ करत होतात ना? तळ्यावर? ओवी सांगत होती. आजोबा, म्हणजे तिचा ओपा, बदकांना रागावतो म्हणे."

"उखाणा होता. चांगला होता. ऐकतेस?"

"नको."

एक गाडी गेली. नागेशराव थांब्याच्या काचेला टेकले. "मला ते धुऊन काढायचं होतं," ते म्हणाले.

"कळलं मला. म्हणून तर बसले होते त्या खुर्चीत." प्रभाताई समोरच्या बंद बेकरीकडे बघत बोलत होत्या. "एक विचारू? खारबेटाचा सदस्य दुसरा कुणी असता, एखादा गंगाराम, एखादा यशवंत. त्याने अर्धं मिनिट मागितलं असतं. दिलं असतं का?"

वीस वर्षं प्रत्येक प्रश्नावर ज्यांच्या जिभेवर निर्णय तयार असे, ते नागेशराव तळव्याने काचेवरचं धुकं पुसू लागले.

"दिलं असतं," ते म्हणाले. "एक मिनिट दिलं असतं."

"हं."

"काय होतं गं ते वाक्य?"

प्रभाताईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आत्ता विचारताय?"

"आत्ता."

"मी दारापाशी थांबले होते तेव्हा. वाटलं होतं, उठाल. खुर्चीतून उठून दोन पावलं आलात तरी पुरे होतं, मग पुन्हा जाऊन बसला असतात तरी. ते जाऊ दे. त्या रात्री घरी आलात, जेवलात. वाटलं, आता विचाराल. उद्या विचाराल. बाबा खोलीत खिडकीकडे पाठ करून बसायचे, तेव्हाही वाटलं, निदान आता." त्यांनी डब्याचं झाकण उगाच दाबून बघितलं. "ते वाक्य बोटीबद्दल होतं. बोट भंगारात गेली. ज्यांच्यासाठी होतं ती माणसं गेली. आता ते कुणाला सांगू? या बसच्या ड्रायव्हरला?"

"मला सांग."

"तुम्हाला सांगून बोट चालू होणारे?"

 

वळणावर बस दिसली. ती आली, टेकली, दार फुसकन उघडलं. प्रभाताई चढल्या. नागेशराव पायरीशी जाऊन अडले. थंडीने गुडघा असा काही धरला होता, की पाय उचलेना. त्यांनी दांडा पकडला, एक प्रयत्न केला, दुसरा केला. ड्रायव्हरने आरशात पाहिलं. त्याने कॉलर सारखी केली. दार बंद व्हायची टिकटिक सुरू झाली.

आणि आतून आवाज आला. फोल्क्सहोखशूलंच्या, म्हणजे मोठ्यांच्या शाळेच्या पहिल्याच वर्गात शिकवतात ते जर्मन, कोकणी हेल काढून, पण सगळ्या बसला ऐकू जाईल असं:

"मोमेंट, बिटं! माइन मान कोम्ट नोख!"

थांबा जरा, माझा नवरा यायचाय.

टिकटिक थांबली. नागेशराव पायरीवर तसेच उभे राहिले. ते 'अहो' नव्हतं. त्यांना उद्देशूनही नव्हतं. एका परक्या माणसाला, परक्या भाषेत, अडचण म्हणून सांगितलं होतं. पण त्यात अध्यक्ष नव्हता. ते वर चढले कसे, हे त्यांना पुढे कधी नीट सांगता आलं नाही. गुडघ्याने माघार घेतली असावी.

प्रभाताई खिडकीशी बसल्या होत्या. शेजारच्या सीटवर तिळगुळाचा डबा होता. नागेशराव सीटजवळ येऊन उभे राहिले. बस निम्मी रिकामी होती. मागे पुढे हव्या तेवढ्या जागा. आयुष्यभर त्यांनी लोकांना 'खाली बसावं' म्हणून सांगितलं होतं. आता त्यांना कुणीतरी तसं सांगायची गरज होती, आणि सांगणारं माणूस खिडकीबाहेर बघत होतं.

वळणावर डबा घसरला. प्रभाताईंनी न बघता त्यावर हात ठेवला. डबा उचलला मात्र नाही.

नागेशराव दांड्याला धरून उभेच राहिले, घर येईपर्यंत.